टाकळ्याचा कोपरा

तुमच्या संपादकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, “वनिताताई, बागकामाच्या आठवणी लिहून द्या.” मी तोंडावर सांगितलं, बाई, मला बागेतलं ओ की ठो कळत नाही. गुलाबाला काय घालायचं ते माळ्याला विचारा. मी उभा जन्म गवत उपटलं. लोकांच्या आवारात नको असलेलं जे जे उगवतं ते मुळासकट काढून टाकायचं, हा माझा धंदा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग गवताबद्दलच लिहा. सातवीपर्यंत शिकले आहे, तेव्हा लिहिते. शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघून घ्या.

ऐंशी सालानंतरचे दिवस. मुलुंडला डोंगराच्या उतारावर आमची वस्ती, आणि खाली रस्त्याला लागलं की बंगले. मुलुंड, भांडुप, घाटकोपरला तेव्हा आवार असलेली घरं पुष्कळ होती. आता त्या जागी टॉवर आले आणि गवत कुंडीत उगवायलासुद्धा घाबरतं. नवऱ्याची गिरणी बंद पडली, तो वॉचमन झाला आणि मी खुरपं घेऊन बाहेर पडले. गावी भाताची बेणणी केलेली होती, तेवढीच माझी डिग्री.

माझी जोडीदारीण शेवंता. ती साताऱ्याकडची, आमच्या वस्तीत वरच्या अंगाला, बुद्धविहाराच्या मागे राहायची. ती बेणणीला खुरपणी म्हणायची. मी टाकळा म्हणायची ते तिच्या तोंडी तरवटा. यावरून आमची रोज जुंपायची. “तुमच्या कोकणात समदंच उलटं,” ती म्हणायची, आणि मी म्हणायची, “तुमच्याकडे पाऊसच नाही, गवत काय कपाळ उगवणार?” पण दुसऱ्या कुणाबरोबर मी कामाला गेले नाही आणि तीही गेली नाही.

लोकांना वाटतं, गवत काय, धरलं आणि ओढलं. करून बघा. लव्हाळा वरून ओढला की तुटून हातात येतो आणि जमिनीत त्याच्या गाठी तशाच राहतात. आठवड्यात एकाचे चार होतात. त्याच्या मुळाशी सळई घालून गाठ वर काढावी लागते. हरळीचं कांडं मातीला टेकलं की तिथे मूळ फुटतं. गाजरगवत फुलायच्या आधी काढायचं, तेही हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून, नाहीतर रात्रभर खाजवत बसा. आणि घाणेरीच्या जाळीत आधी काठी घालायची, हात नाही. का ते पुढे सांगते.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. घाटकोपरला एक बाई होत्या. श्रावणाच्या तोंडावर त्यांनी आमच्याकडून आवारातला सगळा आघाडा उपटून घेतला, आणि आम्ही हातपाय धूत होतो तोवर मोलकरणीला हाक मारली, “अगं, बाजारातून पूजेला आघाडा आण.” काखेत कळसा आणि गावाला वळसा! शेवंताने ढिगातली जुडी उचलून त्यांच्यापुढे धरली. बाई काही खजील झाल्या नाहीत. म्हणाल्या, “छे गं, तो बाजारातला असतो. हे गवत.” आम्ही जुडी परत ढिगात टाकली. पैसे देणारा म्हणतो ते गवत, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

दुसरा नियम कुणी सांगितलेला नव्हता, पण सगळ्या बेणणाऱ्या बायका तो पाळायच्या. काढलेल्यातलं खाण्यासारखं जे असेल ते आपलं. पावसाच्या सुरुवातीला कोवळा टाकळा, मग कुर्डू, घोळ, रानमाठ. मालकाच्या लेखी तो कचरा, गेटबाहेर नेऊन टाकायचाच होता. आम्ही तो पदरात बांधून नेत होतो. कुणाला विचारायचं कारणच पडलं नाही. कचरा न्यायला कोण परवानगी मागतं? त्या दिवसांत आमच्या वस्तीत संध्याकाळी घरोघरी लसणाच्या फोडणीचा वास सुटायचा आणि आम्हा दोघींचा भाव वधारायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार अभिमान होता. येता-जाता बायका विचारायच्या, “आज काय आणलंस गं?” आणि मी राणीसारखी जुड्या वाटायची.

आता घाणेरीचं. भांडुपला एका आवारात शेवंताच्या हातापासून वीतभरावर घोणस निघाली. कुकरची शिट्टी लागावी तशी फुसफुसत होती. मी उडी मारून मागे झाले. शेवंताने हात मागे घेतला नाही, हलवलाच नाही. ती तशीच ओणवी राहिली, जनावर सरपटत जाईपर्यंत. मग उठली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “च्या ठेवायला सांग मालकिणीला.” अशी ही बाई. हे मुद्दाम सांगितलं, कारण त्याच शेवंताला एका पानाची भीती वाटताना मी पाहिलं.

आमचं नेहमीचं एक घर होतं, कर्णिकसाहेबांचं. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले, घरात ते आणि त्यांच्या मिसेस, त्यांना आम्ही माई म्हणायचो. माणसं चांगली. चहा आमच्यासाठी वेगळ्या कपात नाही, त्यांच्याच कपात मिळायचा. आवाराच्या मागच्या बाजूला धुण्याचा दगड होता आणि त्याच्यामागचा कोपरा पावसात टाकळ्याने गच्च भरायचा. साहेबांचा त्या कोपऱ्यावर दात होता. माई तिथे धुणं घालायच्या, आणि तिथून कधी जनावर निघेल या धास्तीने साहेब खिडकीत उभे राहायचे.

त्या वर्षी आषाढात शेवंताचा जीव टांगणीला लागलेला होता. तिची सून रंजना पोटुशी होती, सहावा लागला होता. आदल्या वर्षी तिचं एक पोटातच गेलं होतं. या खेपेला पोरीच्या पोटात काही टिकत नव्हतं. भात खाल्ला की उलटी, पेज प्याली की उलटी. लोकांच्या उलट्या तिसऱ्या-चौथ्यात थांबतात, हिच्या थांबेनात. हाडांचा सापळा झाला होता. दवाखान्यातली डॉक्टरीण शेवंतावरच ओरडली होती, “सुनेला खायला घालता की नाही?” ते ऐकून शेवंता माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली होती. सासवा सुनांसाठी रडतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

आणि त्या सकाळी कामाला निघताना रंजना तिला म्हणाली, “आत्या, तरवट्याची भाजी खावीशी वाटती.” किती महिन्यांनी पोरीने काहीतरी मागितलं होतं. शेवंता वाटभर तेच बोलत होती. कर्णिकांकडे पोहोचलो तर पुढचे वाफे करायचे सोडून ती सरळ मागच्या कोपऱ्यात जाऊन बसली. आधी तिने एकेक कोवळा शेंडा नखाने खुडून घेतला, तो ढीग पदरावर वेगळा ठेवला आणि मग बाकीचं उपटायला लागली. मीही माझ्यापुरत्या दोन जुड्या बांधल्या, एक घरी आणि एक शेजारच्या भागीआजीला. साहेब आणि माई कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते. घरात कुणी नव्हतं, आम्हाला गेटची कडी ठाऊक होती.

कोपरा साफ झाला तशी शेवंता म्हणाली, “मी पुढं जाते. पोरीला गरम गरम घालते.” मी म्हटलं, जा, उरलेलं मी दुपारून येऊन करते. मग मीही घरी आले, भागीआजीच्या दारात जुडी ठेवली, माझी रात्रीसाठी पाण्यात टाकली, भाकरीचा तुकडा मोडला आणि परत कर्णिकांकडे गेले.

साहेब व्हरांड्यात उभे होते. साखरपुड्याचं जेवण अंगावर आलेलं, खुशीत होते. मला म्हणाले, “काय वनिता, मागचा कोपरा कशाला काढलात? माझी सगळी गंमत घालवलीत!”

“कसली गंमत साहेब?”

“अगं, काल संध्याकाळी मी तिथे औषध मारलं होतं. आमच्या एका मित्राने कारखान्यातून आणून दिलंय, खास गवत मारायचं. ढेकणांच्या पंपाने सगळा कोपरा भिजवला. चार दिवसांत आपोआप जळून जाणार होतं सगळं. म्हटलं तुमची दोघींची कंबर तरी वाचेल.”

मला आधी काही कळलंच नाही. गवत मारायला औषध असतं हेच मी पहिल्यांदा ऐकत होते. मी विचारलं, “म्हणजे विष?”

“हो, आता विषच म्हणायचं. डब्यावर कवटीचं चित्र आहे. पण तुम्ही हात धुतलेत ना साबणाने? आणि ते उपटलेलं लांब टाकलंत ना? गाईगुरांच्या तोंडी लागायला नको.”

मी म्हटलं, “साहेब, टाकलं नाही. खायला नेलं.”

“काय?”

“टाकळा आहे तो. भाजी करतात त्याची. शेवंताने सुनेसाठी नेली. सून गरोदर आहे साहेब.”

साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही हे खाता?”

त्या आवाजात तुच्छता नव्हती. माणूस खरोखर हादरला होता. इतकी वर्षं त्यांच्या दारातून आम्ही पदर भरभरून नेत होतो आणि त्यांना वाटत होतं आम्ही कचरा टाकायला चाललोय. दुसऱ्या क्षणी ते आत धावले, डबा आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर आले, पायात चपला नाहीत. माई मागून “अहो, काय झालं?” म्हणत राहिल्या, त्यांना उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही.

गाडी उताराच्या पायथ्यापर्यंतच जायची. पुढे पायऱ्या. मी साडी खोचून धावत सुटले. वाटेत खालच्या ओळीत आधी भागीआजीचं घर लागायचं आणि शेवंताचं अगदी वर. भागीआजीच्या दारातून फोडणीचा वास येत होता. क्षणभर मी वेड्यासारखी तिथेच उभी राहिले, वर जाऊ की आत शिरू? मग आत शिरले. म्हातारी पाटावर बसली होती, ताटात भात आणि वर भाजी, घास उचललेला. मी तिचा हात धरला.

“आजी, खाऊ नको! किती खाल्लंस?”

“गो, सोड माझो हात! अजून तोंडाक लावक नाय मी!”

“टाकून दे. औषध मारलेलं आहे त्याच्यावर.”

“कसला औषध? आधी टायकळो दितंस आणि मगे तोंडातसून काढून घेतंस? खुळावलंस काय गो?”

समजावायला वेळ कुठे होता? मी ताट उचललं, कढई उचलली आणि सगळं मोरीत उपडं केलं. म्हातारीने माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. त्या शिव्या ऐकत मी पायऱ्या चढत होते आणि मनात एकच चाललं होतं. रंजनाने खाल्लेलं नसू दे. एरवी तिला काही जात नाही, आजही जाऊ नये. देवा, आजच्या दिवस तिला अन्नाचा वास नकोसा होऊ दे.

शेवंता दारातच बसली होती. मला बघून तिचं तोंड असं फुललं की मला अजून ते विसरता येत नाही.

“वनिता! अगं, पोरीनं दोन भाकऱ्या खाल्ल्या! दोन! आन पोटात ऱ्हायल्या बघ. झोपलीय आता निवांत. मी कढई पुसून खाल्ली निस्ती, समदी भाजी तिलाच घातली.”

तिने माझा चेहरा बघितला आणि ती उठून उभी राहिली.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. शेवंता ओरडली नाही, रडली नाही. तिने फक्त विचारलं, “कुनी?” मी म्हटलं, साहेबांनी, काल, कोपरा साफ व्हावा म्हणून. ती आत गेली आणि रंजनाला गदागदा हलवून उठवलं. पोर गाढ झोपेतून उठली, गालावर चटईचे वळ. “काय झालं आत्या?”

“ओक.”

“काय?”

“ओकून टाक म्हनते! घशात बोटं घाल!”

किती महिने हीच बाई त्या पोरीची पाठ चोळत म्हणत होती, बाळा, राहू दे गं एक घास पोटात. आणि आता तिला गुडघ्यावर ओणवी करून हात जोडत होती, ओक म्हणून. रंजनाला काही समजेना, ती रडायला लागली. उलटी काही येईना. त्याच दिवशी मेली येईना.

तेवढ्यात कर्णिकसाहेब वर पोहोचले, अनवाणी, धापा टाकत. दम लागून शब्द फुटत नव्हता. डबा डोळ्यांजवळ धरून म्हणाले, “उलटी करवू नका. डब्यावर लिहिलंय, आपल्या मनाने काही करू नका, डॉक्टरकडे न्या. चला, गाडी खाली आहे.”

शेवंताने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण सुनेला उठवलं. आम्ही तिघांनी रंजनाला धरून पायऱ्या उतरवल्या. साहेबांनी तिचा एक दंड धरला होता आणि प्रत्येक पायरीला ते “सावकाश बाळ, सावकाश” म्हणत होते. खाली भागीआजी दारात उभी होती. रंजनाला बघून तिने वाटेतली बादली बाजूला ओढली.

गाडीत रंजना ओकली. सगळी भाजी, दोन्ही भाकऱ्या, शेवंताच्या मांडीवर. आता हे बघा, ही उलटी विषाची की नेहमीची, हे कुणाला कळणार होतं? आणि विष बाहेर पडलं म्हणून हायसं वाटून घ्यावं, की विष चढलं म्हणून घाबरावं? शेवंता पदराने तिचं तोंड पुसत होती आणि तोंडाने पुटपुटत होती, “गेलं ना समदं? गेलं ना गं?” रंजना म्हणाली, “गेलं आत्या. चांगली लागली होती भाजी.” मला तिथेच रडू फुटलं.

म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होता. त्याने डबा वाचला, कुणाला तरी फोन केला, पुन्हा वाचला. मग आम्हाला विचारायला लागला. किती खाल्ली? धुतली होती का? किती पाण्यात? शिजवल्यावर पाणी टाकलं का? शेवंता एकेक सांगत होती. कढई पुसून खाल्लेली म्हणून तिचंही पोट, डोळे, सगळं बघून तिला सोडलं. रंजनाला सलाईन लावलं. साहेबांनी डॉक्टरला बाजूला घेऊन इंग्रजीत काहीतरी विचारलं. डॉक्टर मराठीतच म्हणाला, “काका, थोडं पोटात गेलं असणार, थोडं बाहेर आलं. आईचं बहुतेक निभावेल. बाळाचं मी आत्ता काही सांगू शकत नाही. बघत राहू.”

आम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. साहेब समोर भिंतीला टेकून उभे होते. कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. तिथे शेवंता त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली.

“साहेब, सांगायचं तरी हुतं.”

“शेवंताबाई, मला खरंच माहीत नव्हतं तुम्ही ते खाता.”

“आन आमाला ठावं न्हवतं तुमी गवताला इख घालता.”

दोघंही खरं बोलत होते, आणि त्यामुळे भांडायलासुद्धा जागा नव्हती. मला वाटत होतं शेवंताने आम्हा दोघांना चार शिव्या घालाव्यात, निदान मला तरी. ती पदराने मांडीवरचा उलटीचा डाग पुसत राहिली.

दिवेलागणीला आत बोलावलं. रंजना उशाला टेकून बसली होती. तिने शेवंताचा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. “बघा, हलतंय.” शेवंता हात तसाच ठेवून उभी राहिली. नर्स म्हणाली, भेटायची वेळ संपली. ती हलेना. घोणस समोर असताना राहिली होती तशीच राहिली.

त्या रात्री घरी आल्यावर पाण्यातली माझी जुडी मी गटारात टाकली. चार-सहा दिवसांनी रंजनाला घरी सोडलं. त्यानंतरचे तीन महिने मी आयुष्यात विसरणार नाही. पोर वाचली, पण पोटातलं? कुणी काही सांगू शकत नव्हतं. साहेब मला दर आठवड्याला मोसंबी, डाळिंबं द्यायचे, शेवंताकडे पोचवायला. शेवंता पिशवी उघडून बघायची आणि म्हणायची, “ह्यावर काय मारलंय?” आणि परत पाठवायची. कर्णिकांकडचं काम तिने सोडलं. दुसरीकडे माझ्याबरोबर यायची, पण आमचं जुंपणं बंद झालं. मी मुद्दाम बेणणी बेणणी म्हणून बघितलं, ती काही बोलली नाही. काढलेलं सगळं गवत आम्ही गेटबाहेरच्या ढिगावर टाकायला लागलो. कुर्डू टाकला, घोळ टाकली. हात नको म्हणायचे, तरी टाकली.

दिवाळीच्या आधी रंजना बाळंत झाली. मुलगी. शेवंताने तिला आधी छातीशी नाही धरलं. खिडकीशी उजेडात नेली, दुपटं सोडलं, हाताची बोटं बघितली, पायाची बघितली, डोळ्यांपुढे बोट फिरवलं, कानाशी टिचकी वाजवली. मग मटकन खाली बसली आणि म्हणाली, “समदं हाय गं वनिता. समदं जागच्या जागी हाय.” नाव ठेवलं प्रज्ञा.

पुढच्या आषाढात साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “शेवंताबाईंना एकदा घेऊन ये. माझ्यासाठी.” तिला यायचं नव्हतं, मी जवळजवळ ओढून नेली. प्रज्ञा तिच्या कडेवर होती. मागचा कोपरा टाकळ्याने भरलेला. साहेब म्हणाले, वर्षभर इथे पाण्याशिवाय काही पडू दिलं नाही. तो डबा त्यांनी त्याच दिवशी मित्राला परत केला होता. धुण्याच्या दगडाशी पाट मांडला होता, माईंनी भाजी करून आणली आणि साहेब म्हणाले, “आधी मी खातो.”

ते आमच्यासमोर बसून खायला लागले. आयुष्यात कधी खाल्लेली नव्हती, तोंड वाकडं होत होतं, पण ताट पुसून संपवलं. शेवंता शेवटच्या घासापर्यंत बघत होती. मग म्हणाली, “जून पानं घेतली तुमी. कवळी खुडायची असत्यात.” वर्षाने ती त्यांच्याशी बोलली. माईंनी डोळ्यांना पदर लावला. शेवंताने प्रज्ञाला माझ्याकडे दिलं, कोपऱ्यात बसली, नखाने शेंडे खुडले आणि जुडी बांधून पदरात घेतली. मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं.

घरी येताना नाल्याचा पूल लागतो. तिथे ती थांबली. पदर सोडला आणि जुडी पाण्यात टाकली.

“अगं! साहेबांनी स्वतः खाल्ली ना?”

“मानूस खरा हाय. मी कुठं न्हाई म्हनते?” ती म्हणाली. “पर घोणस फुसफुसती तरी, वनिता. ह्ये बोलत न्हाई.” आणि पोरीला माझ्याकडून घेऊन चालायला लागली. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. शेवंताने ताक प्यायचंच सोडलं.

साहेब गेले, बंगला गेला, चार वर्षांपूर्वी शेवंताही गेली. रंजना लेकाकडे पुण्याला असते. प्रज्ञा लग्न होऊन बोरिवलीला आहे. ती मला वनिताआजी म्हणते. परवा पावसात मी तिच्याकडे गेले होते. तिच्या सासूने स्टेशनबाहेर बसणाऱ्या आदिवासी बाईकडून टाकळ्याच्या जुड्या आणल्या होत्या. प्रज्ञा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि सासूला म्हणाली, “आई, तुम्ही करा. मी नाही खाणार. आमच्यात तरवटा चालत नाही.”

सासू कौतुकाने मला म्हणाली, “काही पद्धत असेल ना त्यांच्यात? मी म्हटलं पाळ बाई, जुन्या माणसांनी घालून दिलेलं असतं.” प्रज्ञाची सात वर्षांची मुलगी लगेच म्हणाली, “मीपण नाही खात. आमच्यात चालत नाही.”

शेवंताने कुणाला काही सांगितलंच नव्हतं. रंजनानेही नाही. सासूसमोर, त्या लेकराच्या देखत मला काही बोलवेना. घरी आले आणि तुमच्या संपादकबाईंना फोन केला की लिहून देते.

प्रज्ञा, तुझ्याकडे हा अंक येतो मला माहीत आहे. पोरी, तुमच्यात तसं काही नाही. तुझ्या आईला सहा महिन्यांत पहिल्यांदा जेवण गेलं होतं, दोन भाकऱ्या आणि तरवट्याची भाजी, आणि तुझी आजी दारात बसून हसत होती. ते हसू मी येऊन पुसलं. एवढीच ती पद्धत. त्या आदिवासी बाईला विचार, भाजी कुठली आहे. डोंगरावरची म्हणाली, म्हणजे बिनऔषधाची, तर घे, कोवळी बघून. लेकीला खाऊ घाल. आणि मला बोलाव, आधी मी खाते.